चोर, ओढकरी आणि खांदेकरी

रविवार, २६ जानेवारी

शाळेतलं झेंडावंदन आटोपल्यावर मंडळाची सभा देवळाच्या ओट्यावर झाली. विषय एकच, मंडळ आधुनिक करायचं. आमच्या खालच्या आळीची मुलं वरच्या आळीच्या मंडळाकडे पळतात, कारण तिथे क्रिकेटचं नेट आहे. अध्यक्ष बाळाजीकाका म्हणाले, "निकेत, तू उरणला कंपनीत माणसांना ट्रेनिंग द्यायचास ना? मग आता आमच्या पोरांना दे." सगळ्यांनी माना हलवल्या आणि मी सचिव झालो. चौलला परत येऊन दोन वर्षं होतील. होमस्टेच्या दोन खोल्या बऱ्या चालतात, पण गावाने मला काही सोपवलं ते आज पहिल्यांदा. छाती फुगली, हे इथे लिहायला हरकत नाही.

मी रीतसर विचारलं, सध्या आपल्याकडे वयोगट कोणते? मोरूदादा म्हणाला, "तीन. चोर, ओढकरी, खांदेकरी."

मला वाटलं माझी फिरकी घेतायत. पण तसं नव्हतं. शिमग्यात पंचमीपासून रोज तिन्हीसांजेला लहान मुलं आळीतल्या वाड्यांमधून झावळ्या, करवंट्या, मोडकी कवाडं पळवतात आणि त्यांची छोटी होळी लावतात. हे चोर. पौर्णिमेच्या मोठ्या होळीसाठी डोंगरातून सावरीचं झाड येतं. त्याला दोर लावून उतारावरून खाली आणतात ते ओढकरी. आणि पायथ्यापासून देवळापर्यंत ते झाड ज्यांच्या खांद्यांवरून येतं ते खांदेकरी.

"पण वय काय या गटांचं?" मी विचारलं.

"वय कशाला लागतंय?" मोरूदादा म्हणाला. तो खांदेकऱ्यांचा म्होरक्या, गेली कित्येक वर्षं झाडाच्या बुंध्याला त्याचाच खांदा असतो. "चोरताना सापडला, मालकानं घराण्याच्या नावानं बोंब मारली, की पोर मोठा झाला. मग ओढकऱ्यात. खांद्याला कधी घ्यायचा ते मी सांगतो."

सापडतात कुठे, तर बहुतेक आळीतल्या म्हाताऱ्या ठमाबाईंच्या वाडीत. निम्मी आळी त्यांनीच मोठी केलीय म्हणे. एकविसाव्या शतकात मुलांच्या गटाचं नाव चोर! मी मनात म्हटलं, इथे कामाला भरपूर वाव आहे.

यंदा मला खांदा द्यायचाय. गेल्या वर्षी झाडाजवळ गेलो तेव्हा कुणीतरी हात धरून बाजूला घेतलं आणि म्हणालं, "तू फोटो काढ, तुझे फोटो बेष्ट येतात." ते खरंच आहे, माझे फोटो चांगले येतात. पण आता सचिवानेच झाडाला हात लावला नाही तर बरं दिसणार नाही.

बुधवार, २९ जानेवारी

तक्ता तयार. चिमणी गट, कुमार गट, किशोर गट, युवा गट. सगळे जन्मतारखेप्रमाणे, शंकेला जागाच नाही. चिमण्यांना प्रथमोपचार आणि गोष्टी, कुमारांना पोहणं आणि किनाऱ्याची सफाई, किशोरांना कबड्डी आणि संगणक, युवांना नेतृत्व. युवा गटाची कमाल मर्यादा पस्तीस ठेवली. सरकारी कागदांत साधारण तसंच असतं.

अमिषाने तक्ता पाहिला आणि विचारलं, "मग तू कुठल्या गटात?"

मी म्हटलं, मी सचिव आहे.

"पस्तिशी कधीच उलटली तुझी. खांदा कसा देणार?"

मी खाली एक ओळ वाढवली, 'तसेच पदाधिकारी.' बायकोला बोलायला काय जातंय.

रविवार, २ फेब्रुवारी

जन्मतारखा गोळा केल्या. मोठ्यांच्या बाबतीत त्यांचा काही उपयोग नाही, अर्धी कार्यकारिणी एक जूनला जन्मलीय. त्या काळी मास्तरांनी शाळेत नाव घालताना सोयीची पडेल ती तारीख टाकली. बाळाजीकाका तर कागदोपत्री स्वतःच्या धाकट्या भावापेक्षा लहान आहेत आणि त्याबद्दल ते खूश आहेत.

लहान मुलांच्या तारखा मात्र पक्क्या. तरीही गोंधळ झाला. मंडळातल्या विनेशची धाकटी काशी तक्त्याप्रमाणे चिमणी गटात बसते. पण ती गेल्या शिमग्यात सापडली होती आणि तिने दोर ओढला होता. तिला चिमणी म्हटल्यावर तिने असा गळा काढला की शेजारचे लोक धावत आले. उलट गणराज चौदा वर्षांचा, मिसरूड फुटलेला. त्याला किशोर गटात घातला तर तो आनंदाने उड्या मारील असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मला कुनी पकडलाय?" आणि तोंड फिरवून निघून गेला. त्याची आई संध्याकाळी येऊन सांगून गेली, "आमचा गण्या अजून लहान हाय हो, त्याला उगाच मोठा करू नका."

बढती दिली म्हणून माणसं रुसतात हे मी कंपनीत कधी पाहिलं नव्हतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिला रविवार झकास! प्रथमोपचाराला एकवीस मुलं. बँडेज बांधायला शिकवलं. देवळातला कुत्रा आधी शांत पडून होता, शेवटी चारी पायांना पट्ट्या घेऊन पळाला. किनाऱ्यावर प्लास्टिकच्या पिशव्या गोळा केल्या. बाळाजीकाका म्हणाले, "हे ब्येस केलंस. हे पायजेच होतं." आमची राही घरी येऊन पुन्हा पुन्हा माझ्या कोपराला बँडेज बांधत होती. दहा वर्षांची आहे, गाठ मात्र घट्ट मारते.

झोपताना तिने विचारलं, "बाबा, पंचमीला मी चोर ना?" मी म्हटलं, तू कुमार गट. तिने पांघरूण डोक्यावरून ओढलं. पोरगी समजूतदार आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

शिमग्याची सभा. मी मांडलं की चोरी बंद. त्याऐवजी सरपण संकलन मोहीम. मुलं गळ्यात ओळखपत्र घालून, मला पुढे घेऊन घरोघर जातील, नमस्कार करतील आणि विनंती करतील. लोक आनंदाने देतील. मुलांना लहानपणापासून मागण्याची शिस्त लागेल. कुंपणं मोडणार नाहीत, कुणाच्या पायात काटा जाणार नाही.

कुणीच विरोध केला नाही. सगळे "बरं" म्हणाले. मोरूदादा काडीने दात कोरत बराच वेळ समुद्राच्या दिशेला बघत होता. त्याला मुद्दा पटला असावा.

मंगळवार, ४ मार्च. पंचमी

काही कळेनासं झालंय.

मोहीम फसली. बत्तीस ओळखपत्रं, नमस्कार, विनंती, सगळं व्यवस्थित. आणि सरपण म्हणाल तर एक झाडू. तोही विनेशच्या बायकोने दिला, मला वाटतं कंटाळून. "न्हाय हो, यंदा झावळ्याच पडल्या न्हायत," असं लोक म्हणतात आणि त्यांच्या पाठीमागे झावळ्यांचा ढीग दिसतोय. हीच माणसं गेल्या वर्षी पोरांनी अर्धी वाडी नेली म्हणून हसत हसत सांगत होती.

ठमाबाईंचं सगळ्यांत नवल. त्यांच्या वाडीच्या कुंपणाला लागून, बांबूच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, सुक्या झावळ्या नीट एकावर एक रचून, काथ्याने मोळ्या बांधून ठेवलेल्या. लहान मुलालाही उचलता येतील एवढ्याच. त्या स्वतः ओटीवर बसलेल्या, मांडीवर टॉर्च, बाजूला काठी. रानडुकरांचा त्रास असेल. मी नमस्कार करून विनंती केली.

त्यांनी मुलांकडे पाहिलं, ओळखपत्रांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सरपण? माझ्याकडं कुठलं? मला चुलीला लागतंय."

त्यांच्या घरात गॅस आहे. सिलेंडर ओटीवरच ठेवलेला होता.

आम्ही वळलो तर मागून म्हणाल्या, "बस? चाललात?" मी म्हटलं, हो काकी, तुम्हाला त्रास नको. मुलांनी परत येताना ओळखपत्रं काढून खिशात घातली. शेवटी माझ्याच वाडीतल्या झावळ्या दिल्या. होळी एवढीशी झाली, विझली पण पटकन.

शुक्रवार, ७ मार्च

चार दिवस माझ्याच झावळ्या जळतायत. आज होळीला आठ मुलं होती. बाकीची वरच्या आळीत. बाळाजीकाका स्पष्टच बोलले, "पौर्णिमेला दोराला पोरं न्हाय आली तर सावर खाली यायची न्हाय. मग मंडळाला कुलूपच."

मी विषय बदलावा म्हणून खांदेकऱ्यांची नावं काढली. माझं नाव मी मधल्या फळीत घातलं होतं. मोरूदादाने मला ओट्याच्या कडेला नेलं.

"निकेत, राग मानू नको. खांद्याला तू नको."

"का? उंची पुरेशी आहे, पाठ ठणठणीत आहे."

"तू सापडला न्हायस रं कधी."

मला हसूच आलं. म्हटलं, दादा, मी दहा वर्षांच्या मुलीचा बाप आहे, माझं मतदान इथे आहे, घरपट्टी माझ्या नावावर आहे. तो म्हणाला, "ता सगळा बरोबर हाय," आणि माझ्या पाठीवर हात ठेवून निघून गेला.

आता मला राग आलाय. आणि राग कुणावर तेही नक्की कळत नाही. मुळात मी एकदा चोरी केलीय! पहिलीत जायच्या आधीचा शिमगा. ठमाबाईंच्या बेड्याखालून शिरलो होतो, एक झावळी धरली होती. त्यांनी धरलंच मला, तोंडावर उजेड टाकला. बाकीची पोरं श्वास रोखून कुंपणाबाहेर उभी. ठमाबाई थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा पाव्हना हाय. जाऊ दे त्याला." वर झावळी पण दिली. किती प्रेमाने वागल्या. जूनमध्ये मी उरणला शाळेत गेलो. ती झावळी मी होळीत टाकली नव्हती हे मला अजून आठवतं. पाटाच्या पाण्यात सोडून दिली होती. का, ते आठवत नाही.

रविवार, ९ मार्च

काल होळी मोठी झाली. कुठून आलं सरपण ते कुणी सांगेना. राहीच्या कोपराला खरचटलेलं, फ्रॉकला चीक लागलेला. विचारलं तर म्हणे पडले.

आज सकाळी उलगडा झाला. ठमाबाई स्वतः आमच्या दारात! पदर खोचलेला, आवाज असा की पाहुण्यांच्या दोन्ही खोल्यांची दारं उघडली. "माझ्या झावळ्या गेल्या! चार मोळ्या! कुनाची कारटी ती, हात मोडले त्यांचे! एक पन सापडला न्हाय, वाऱ्यावानी पळाली!" डोळे लकाकत होते. वय विसरून बोलत होत्या. मी इतका शरमलो की काय सांगू. हात जोडले. म्हटलं, काकी, मंडळाच्या वतीने माफी मागतो. तुमचं एक पातंही ठेवणार नाही.

मी शब्द पाळला. मुलांना गोळा केलं, उरलेल्या दोन मोळ्या आणि माझ्या वाडीतल्या दोन मिळून चार मोळ्या त्यांच्या बेड्याशी नेल्या आणि एकेकाला माफी मागायला लावली. गणराजने सगळ्यांत शेवटी, जमिनीकडे बघत मागितली.

मला वाटलं होतं ठमाबाई मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतील. त्यांनी मोळ्यांकडे पाहिलं. आत गेल्या आणि दार लावलं. दिवसाढवळ्या. आमच्याकडे दिवसा दारं लावत नाहीत.

मोरूदादाला सांगितलं तर तो खालीच बसला. "चोरलेला परत दिलास? अरे, ती वरीसभर झावळ्या साठवते. पोरांच्या हाताला काटा लागू नये म्हनून सोलून ठेवते. तिचा शिमगा नेलास तू."

मी विचारलं, मग त्या मागितल्यावर का देत नाहीत? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

मंगळवार, ११ मार्च

दोन दिवस एकही मूल आलं नाही. काल मी एकटाच होळी लावून उभा होतो. अमिषा शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जा ना तिच्याकडे."

गेलो आज. ठमाबाई मागच्या अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होत्या. मी म्हटलं, काकी, माझं चुकलं, पण काय चुकलं ते मला नीट कळत नाही.

त्या सुपाऱ्या पसरत राहिल्या. मग म्हणाल्या, "तवा पन तुला धरायचा होता मी. तुझ्या आयशीनं सांगितलेला."

"काय सांगितलं होतं?"

"तिलाच इचार."

आई उरणला दीपेशकडे, माझ्या भावाकडे असते. फोन केला. ती आधी हसली, मग म्हणाली, "मीच म्हटलं होतं ठमाबाईंना. शिमग्यानंतर तुला इकडे शाळेत घालायचं ठरलं होतं. सापडलास की तू गावचा झालास, मग कसला येतोयस माझ्याबरोबर? म्हणून सांगितलं, याला धरू नका. याला पाहुणा म्हणा."

मी म्हटलं, एवढंच ना. मी काय रडलो वगैरे नव्हतो.

"तू नाही रडलास. मी रडले," आई म्हणाली.

एवढ्या जुन्या गोष्टीचं आईला काय रडायचं, कळलं नाही. फोन ठेवला आणि होमस्टेच्या चादरी दोरीवर घातल्या. त्या घालताना माझेच डोळे भरून आले. कशामुळे, हेही नक्की सांगता येत नाही. मला या गावात पाहुणा राहायचं नाही, एवढं मात्र आज पक्कं कळलं.

बुधवार, १२ मार्च

लिहिताना हात दुखतोय. बँडेजमुळे अक्षर वाकडं येतंय.

दुपारी राहीला विचारलं, आज चोर कुठे जमणार? ती म्हणाली, "चोर नाहीयेत ना आता. कुमार गट आहे." मी म्हटलं, तक्ता मी काढून ठेवलाय. मला पण यायचंय. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "चपला काढाव्या लागतील. आणि बाबा, तू चालताना फार आवाज करतोस."

तिन्हीसांजेला पाटाच्या कडेने सगळे वाकून निघालो. पुढे गणराज, मग राही, मग बाकीची, शेवटी मी. ठमाबाईंच्या बेड्याशी मोळ्या नव्हत्या. गणराजने आत बोट दाखवलं. मोळ्या होत्या, पण विहिरीपाशी, पार आत, ओटीवरून दिसतील अशा. सापडायचं ठरवून मी गेलो नव्हतो, हे इथे शपथेवर लिहितो. एकदा आत शिरल्यावर मला खरंच ती मोळी हवी होती आणि खरंच पळायचं होतं.

मुलं बेड्याखालून सरपटत गेली, मोळ्या उचलल्या आणि गेलीसुद्धा. मी मोळी घेऊन परतताना बेड्यात अडकलो. सदरा तारेत, कोपर बांबूत, गुडघे चिखलात. आणि तोंडावर टॉर्चचा उजेड.

कुंपणाबाहेर सगळी पोरं श्वास रोखून उभी. ठमाबाई जवळ आल्या. उजेड तोंडावरून हलेना. मी लहान होतो तेव्हाही त्या अशाच बघत राहिल्या होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होतो, पाहुणा नको म्हणू, काकी, पाहुणा नको म्हणू.

मग त्यांनी काठी आपटली.

"मेल्या मुडद्या! तुझ्या आज्यानं माझ्या सासऱ्याची कवाडं नेली, तुझ्या बापानं माझी शिडी नेली, आन आता तू आलास व्हय! सापडला गोऽ सापडला! येसाजीचा नातू सापडला!"

आळीत घराघरांतून लोक बाहेर आले. बोंब या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, देवळापाशी बाळाजीकाकांनी ती उचलली. मी तारेत अडकलेला, हसत होतो की काय करत होतो कुणास ठाऊक. ठमाबाई शिव्या देत देतच माझा सदरा सोडवत होत्या. मोळी मात्र हातातून हिसकावून घेतली, सापडलेल्याला माल मिळत नाही.

माझ्या कोपराला चिमणी गटाने बँडेज बांधलं. चुकीचं बांधलंय, हात वाकत नाही. पण गाठ घट्ट आहे.

शुक्रवार, १४ मार्च. धुळवड

काल सावर आली. दोराला पोरं इतकी की दोर कमी पडला. वरच्या आळीचीही काही होती.

पहाटे डोंगरात मी सरळ मोरूदादाजवळ, बुंध्यापाशी जाऊन उभा राहिलो. त्याने दोराकडे बोट केलं. परवा सापडला म्हणजे ओढकरी. माझी जागा काशीच्या मागे. ती गेल्या वर्षीची, म्हणजे मला वरिष्ठ. सगळ्या उतारावर ती मागे वळून मला ओरडत होती, "ओ काका, झोल देऊ नका! पाय रोवा!" तळहात सोलपटले. फोटो कुणी काढले मला माहीत नाही. काढलेच असतील तर मी त्यात आहे.

पायथ्याशी खांदेकऱ्यांनी झाड उचललं. मी दोर गुंडाळत बाजूने चालत होतो. देवळापाशी सावर उभी राहिली तेव्हा ठमाबाई पुढच्या रांगेत होत्या, आवाज पार बसलेला. यंदा तिघं सापडले, असं त्या बाळाजीकाकांना बोटांनी सांगत होत्या. त्यातला गणराज एक, माझ्यानंतर त्याच रात्री तो पुन्हा आत शिरला आणि सापडला. त्याची आई रडत होती आणि पेढे वाटत होती. राही नाही सापडली. ती त्याचा फार तोरा मिरवतेय.

तक्त्याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. रविवारचा प्रथमोपचार चालू राहणार, तो सगळ्यांना हवाय. पण कुणाला कुठल्या गटात घालायचं, ते मला खरंच कळत नाही.

रंग खेळून झाल्यावर मोरूदादाला एकटं गाठून विचारलं, दादा, पुढच्या वर्षी तरी खांद्याला घेशील?

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून दाबून पाहिलं, बैल बघतात तसं. "बघू," म्हणाला. "घाई कशाला? अजून लहान हायस तू."